भूल आणि स्नायुशैथिल्य

मराठीतील ‘भूल’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जे जे काही दिले जाते त्या सर्वांना मिळून आपण ‘भूल’ म्हणतो आणि ती देणाऱ्याला भूलतज्ज्ञ म्हणतो. या एका शब्दाखाली वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत : रुग्णाची शुद्ध हरपणे, त्याला वेदना न होणे आणि त्याचे स्नायू सैल पडणे. ईथरसारखे जुने औषध ही तिन्ही कामे एकटेच करीत असे. त्यामुळे त्या काळी शब्द एकच असला तरी काही बिघडत नव्हते. आज या तीन कामांसाठी बहुधा तीन वेगवेगळी औषधे वापरली जातात, आणि त्यांपैकी तिसरे पहिल्या दोहोंहून मुळातच वेगळ्या जातीचे आहे. ते झोप आणीत नाही, वेदनाही कमी करीत नाही. ते केवळ स्नायूंची हालचाल थांबविते. आणि श्वास घेणे हीदेखील स्नायूंचीच हालचाल असल्यामुळे ते श्वासही थांबविते. अशा औषधांना स्नायुशैथिल्यकारी औषधे म्हणतात. ती सुरक्षितपणे कशी वापरावीत हे समजून घ्यायचे असेल, तर ती रुग्णापासून काय काढून घेतात आणि काय त्याच्याजवळ तसेच ठेवतात, हे आधी पाहिले पाहिजे.

अशा औषधाची गरज का पडावी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे शल्यचिकित्सकांना एक अडचण सतत जाणवत राहिली. पोटाच्या भिंतीचे स्नायू हे शरीराचे एक चिलखतच आहे. आत हात घालू लागताच ते फळीसारखे ताठ होतात आणि आतडी जखमेतून बाहेर लोटतात. रुग्ण झोपलेला असला तरी हे घडते, कारण ताठरपणाची ही आज्ञा जाणिवेच्या पातळीखालून येते. ते स्नायू पुरते सैल पडावेत म्हणून ईथर फार मोठ्या मात्रेत द्यावे लागे. रक्तदाब उतरे, श्वास क्षीण होई, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कित्येक तास उलट्या करीत पडून राही. पोट सैल होण्याइतकी खोल भूल आणि जीव जाण्याइतकी खोल भूल यांतील अंतर थोडेच होते. वृद्ध आणि अशक्त रुग्णांच्या बाबतीत तर ते धोकादायक म्हणण्याइतके थोडे होते.

या अडचणीवरचा उपाय दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातून आला. ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतील आदिवासी काही वेलींच्या सालीपासून काळसर, राळेसारखा चिकट अर्क तयार करीत आणि बाणांच्या किंवा फुंकनळीतील काड्यांच्या टोकांना लावीत. यालाच कुरारे म्हणतात. लागलेला पशू काही मिनिटांतच लुळा पडे आणि श्वास बंद होऊन मरे. पण त्याचे मांस खाणाऱ्याला काही होत नसे, कारण पोटात गेलेले कुरारे रक्तात फारसे शोषले जात नाही. चार्ल्स वॉटरटन हा इंग्रज निसर्गप्रेमी जमीनदार १८१२ साली गियानाच्या जंगलात हिंडून हे विष घेऊन आला. १८१४ साली लंडन येथे त्याच्या समक्ष एका गाढविणीला ते टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. तेव्हा तिच्या श्वासनळीला छेद देऊन भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात झाली. दोन तासांनी तिने मान उचलून इकडेतिकडे पाहिले. भाता थांबविताच ती पुन्हा कोसळली. पुन्हा दोन तास भाता चालविला, आणि ती उठली. वॉटरटनने तिचे नाव ‘वुरालिया’ ठेवले आणि यॉर्कशरमधील आपल्या इस्टेटीवर तिला नेले. तेथे ती १८३९ पर्यंत जगली.

या प्रयोगाची गोष्ट भूलशास्त्राच्या इतिहासात नेहमी सांगतात, आणि ते योग्यच आहे. विषाने त्या गाढविणीच्या हृदयाला, मेंदूला किंवा रक्ताला कोणतीही कायमची इजा केली नव्हती. तिला फक्त श्वास घेता येत नव्हता. दुसऱ्या कोणी तिच्यासाठी श्वास घेत राहिले, तर विष आपोआप उतरत होते. आज शस्त्रक्रियागृहात जे चालते त्याचे सगळे सार या भात्यात आहे. भाता थांबविताच ती कोसळली होती, हेही विसरता येत नाही.

पुढे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८५० च्या सुमारास बेडकांवर प्रयोग करून कुरारेचे कार्यस्थान शोधून काढले. त्याने बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोरी आवळून बंद केला, परंतु त्या पायाचा मज्जातंतू मोकळा ठेवला. मग बेडकाला कुरारे दिले. सारा बेडूक लुळा पडला. ज्या पायात विष पोहोचू शकले नव्हते तेवढाच हलू शकत होता. आता लुळ्या भागाची त्वचा चिमटली तरी तो एक पाय झटका देई. याचा अर्थ उघड होता. चिमट्याची जाणीव मज्जारज्जूपर्यंत पोहोचत होती. उत्तर देण्याचे साधन मात्र बाकीच्या शरीरात उरले नव्हते. कुरारेने मरणारा प्राणी अखेरपर्यंत सारे जाणत असतो, हे बर्नारने स्पष्टपणे नोंदविले आहे.

ही क्रिया घडते ती मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर. मज्जातंतूचे टोक स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. मध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. मेंदूकडून आलेला संदेश टोकापर्यंत पोहोचला की तेथून ॲसिटिलकोलीन हे रसायन त्या फटीत सुटते, पलीकडे स्नायूवर असलेल्या ग्राहकांना जाऊन भिडते आणि स्नायू आकुंचन पावतो. कुरारेचे रेणू याच ग्राहकांवर जाऊन बसतात. किल्ली कुलपात बसावी पण फिरू नये, आणि ती आत असेपर्यंत खरी किल्लीही घालता येऊ नये, तसा हा प्रकार आहे. आपल्याकडील वाचकाला या विषाची ओळख वेगळ्या मार्गाने आहे. नागाच्या विषातील एक घटक नेमक्या याच ग्राहकांना चिकटतो. नागदंश झालेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मान सावरत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. त्यालाही प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वसन मिळाले तर तो वाचू शकतो. (मण्यारीचे विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावरच आघात करते, म्हणून तेथे सुधारणा अधिक सावकाश होते.)

ग्राहकांविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा बराच भाग तिच्यावर उभा आहे. निसर्गाने स्नायूवर गरजेपेक्षा कितीतरी अधिक ग्राहक ठेवलेले आहेत. त्यांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के औषधाने अडविले जाईपर्यंत स्नायूच्या आकुंचनात काहीच फरक दिसत नाही. ९० ते ९५ टक्के अडविले गेले म्हणजे तो पूर्ण शिथिल होतो. सारा दृश्य परिणाम या अरुंद पट्ट्यात घडतो. म्हणूनच औषध उतरत असताना रुग्ण हात दाबू शकला, तरी त्याचे निम्म्याहून कितीतरी अधिक ग्राहक अद्याप औषधाच्याच ताब्यात असू शकतात. डोळ्यांना सर्व काही पूर्ववत झालेले दिसते, पण राखीव शक्ती परत आलेली नसते.

शस्त्रक्रियेत कुरारेचा उपयोग रूढ झाला तो २३ जानेवारी १९४२ पासून. त्या दिवशी कॅनडातील माँट्रिऑल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत एका तरुण रुग्णाला कुरारेचा शुद्ध केलेला अर्क दिला. पोट एकदम मऊ पडले, आणि त्यासाठी भूल अधिक खोल करावी लागली नाही. लायपझिग येथे आर्थर लेव्हेन याने १९१२ मध्येच हा प्रयत्न केला होता, परंतु तेव्हा शुद्ध औषध पुरेसे मिळत नसल्याने तो मागे पडला होता. आता काही वर्षांतच हे औषध सर्वत्र पसरले. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे ग्रे आणि हॅल्टन यांनी १९४६ साली हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे तेथे जी पद्धत सिद्ध झाली तिची चौकट आजही तीच आहे : हलकी झोप, वेदनाशमन, भरपूर स्नायुशैथिल्य, श्वास पूर्णपणे भूलतज्ज्ञाच्या हाती, आणि शेवटी औषधाचा परिणाम उलटविणे.

परंतु सर्वत्र असे शिस्तीने झाले नाही. पुष्कळ ठिकाणी कुरारे दिले जाई आणि रुग्णाला आपला आपण श्वास घेऊ दिला जाई. तो श्वास अपुरा आहे की नाही हे मोजण्याचे साधन नव्हते. १९५४ साली बीचर आणि टॉड या अमेरिकन संशोधकांनी दहा रुग्णालयांतील जवळजवळ सहा लक्ष भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शैथिल्यकारी औषध न दिलेल्या रुग्णांत भुलीमुळे ओढवलेला मृत्यू सुमारे २,१०० मध्ये एक, तर ते दिलेल्या रुग्णांत सुमारे ३७० मध्ये एक, असे त्यांना आढळले. या औषधांत स्वतःचाच काही घातक गुण आहे, असा त्यांचा कयास होता. त्यावर मोठा वाद झाला. विषारीपणाचा तो कयास पुढे टिकला नाही. परंतु आकडे खोटे नव्हते. औषध श्वासाची शक्ती काढून घेत होते आणि तिची भरपाई करण्याचे काम अर्धवट होत होते, किंवा रुग्ण वॉर्डात पोहोचेपर्यंत ती शक्ती पुरती परत आलेली नसे. वॉटरटनचा भाता वेळेआधीच थांबविला जात होता, असे म्हणता येईल.

आता शुद्धीचा प्रश्न. बर्नारने निर्वाळा दिलेला असूनही, कुरारेने थोडीफार शुद्धही हरपत असावी असा समज १९४० नंतरच्या दशकात काही डॉक्टरांत पसरला होता. रुग्ण निश्चल पडून राहतो, तक्रार करीत नाही. मग त्याला काही जाणवत नसणार, असे मानणे सोपे असते. हा समज खोडून काढण्यासाठी अमेरिकेतील युटा विद्यापीठात स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून घेतला. तो १९४७ साली प्रसिद्ध झाला. श्वसन थांबविण्यास लागते त्याच्या अडीचपट मात्रा त्याला देण्यात आली, सोबत कोणतेही झोपेचे औषध नव्हते. सहकारी त्याला कृत्रिम श्वास देत होते. तो बोटही हलवू शकत नव्हता, पापणीही उचलू शकत नव्हता. परंतु पूर्णपणे शुद्धीवर होता, सर्व ऐकत होता, टोचलेले त्याला जाणवत होते. प्रयोग संपल्यावर त्या काळातील साऱ्या घटना त्याने बिनचूक सांगितल्या. एका माणसाने दाखविलेल्या या धैर्यामुळे प्रश्न कायमचा निकालात निघाला, असे वाटले असते.

तो निघाला नाही, याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण नवजात अर्भकांचे आहे. वेळेआधी जन्मलेल्या बालकांची मज्जासंस्था अपक्व असते, त्यांना वेदना फारशी कळत नाही आणि तीव्र औषधे सोसवतही नाहीत, अशा समजुतीने १९८० नंतरच्या दशकातही कित्येक ठिकाणी त्यांच्या शस्त्रक्रिया नायट्रस ऑक्साइड हा सौम्य वायू आणि कुरारे एवढ्यावरच केल्या जात. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीतसिंग आनंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह याचा पद्धतशीर शोध घेतला. हृदयाजवळील एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामकही दिले. वेदनाशामक न मिळालेल्या बालकांच्या रक्तात शरीरावरील तीव्र ताण दर्शविणारी संप्रेरके व इतर द्रव्ये कितीतरी अधिक वाढलेली आढळली, आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्यांचे त्रासही अधिक होते. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर ही प्रथा मागे पडली. ती बालके निश्चल होती, कारण त्यांना निश्चल करण्यात आले होते.

प्रौढांमध्येही ‘शस्त्रक्रिया चालू असताना मी जागा होतो’ असे सांगणारे रुग्ण आढळतात, जरी सुदैवाने फार थोडे. ब्रिटन आणि आयर्लंड येथील भूलतज्ज्ञांनी केलेली याविषयीची एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. स्नायुशैथिल्यकारी औषध दिलेल्या रुग्णांत अशी तक्रार सुमारे ८ हजारांत एक होती. ते न दिलेल्यांत सुमारे १ लक्ष ३६ हजारांत एक. या तफावतीचे कारण समजण्यास कठीण नाही. शैथिल्य नसेल तर भूल कमी पडताच रुग्ण हात हलवितो, चुळबूळ करतो, आणि भूलतज्ज्ञ लगेच सावध होतो. हा इशारा देण्याची सोय औषध काढून घेते. मग भूलतज्ज्ञाला दुसरे पुरावे शोधावे लागतात : श्वासातून बाहेर पडणाऱ्या भूलवायूचे प्रमाण, नाडी व रक्तदाब, मेंदूच्या विद्युत्-लहरींवर लक्ष ठेवणारी यंत्रे. १९७७ साली टन्स्टॉल याने एक साधी युक्ती सुचविली होती. शैथिल्यकारी औषध देण्यापूर्वी एका दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळायचा, म्हणजे त्या हातात औषध पोहोचत नाही आणि रुग्ण जागा असेल तर त्या हाताने खूण करू शकतो. बर्नारच्या बेडकाचा मोकळा पाय तो हाच.

वरील पाहणीतील बहुतेक घटना शस्त्रक्रियेच्या ऐन मध्यात घडलेल्या नव्हत्या. त्या भूल देताना किंवा उतरविताना घडल्या होत्या. झोपेच्या औषधाचा पहिला डोस उतरू लागलेला असतो, भूलवायू अजून पुरेसा चढलेला नसतो, आणि स्नायू मात्र पूर्ण लुळे झालेले असतात. श्वासनळीत नळी घालण्यास वेळ लागत असेल तर हे अंतर वाढते. अनुभवी भूलतज्ज्ञ अशा वेळी झोपेच्या औषधाची आणखी एक मात्रा हाताशी भरून ठेवतो.

आता जे काढून घेतले ते परत करण्याविषयी. माझ्या मते सामान्य वाचकाला या विषयातील हा भाग सर्वांत कमी ठाऊक असतो, आणि आजही अधिक हानी येथेच होते. शस्त्रक्रिया संपली, रुग्णाने डोळे उघडले, नळी काढली, की सारे संपले असे नातेवाइकांना वाटते. परंतु सर्व स्नायू एकाच वेळी जागे होत नाहीत. श्वासपटल हा मुख्य श्वसनस्नायू या औषधांना बराच दाद न देणारा आहे. तो आधी पूर्ववत होतो. घशाचे स्नायू, जे लाळ आणि उलटी श्वासनळीत जाऊ देत नाहीत आणि वायुमार्ग मोकळा ठेवतात, ते सर्वांत शेवटी. म्हणून रुग्णाची छाती व्यवस्थित हलत असते, पण जीभ मागे पडते, गिळलेले चुकीच्या वाटेने जाते, खोकला जोरात निघत नाही. शिवाय रक्तातील प्राणवायू कमी झाल्यास श्वास वाढविण्याचा जो प्रतिसाद शरीर देते, तोही थोड्याशा उरलेल्या औषधाने मंदावतो. हे स्टॉकहोम येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले.

शैथिल्य किती उरले आहे हे मोजण्याची पद्धत हसन अली यांनी लिव्हरपूल येथे आपल्या सहकाऱ्यांसह १९७० च्या सुमारास विकसित केली. मनगटाजवळील मज्जातंतूला अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार सौम्य विद्युत्-धक्के द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते पाहायचे. शैथिल्य पूर्ण असेल तर अंगठा हलतच नाही. औषध उतरू लागले की प्रथम एक, मग दोन, तीन, चार हालचाली दिसू लागतात. पण चौथी पहिलीपेक्षा दुबळी असते. चौथ्या हालचालीचे पहिलीशी जे प्रमाण, ते सुधारणेचे माप. प्रारंभी हे प्रमाण ०.७ झाले की पुरे, असे मानले जाई. त्या हिशेबानेही डेन्मार्कमधील व्हिबी-मोगेनसेन यांना १९७९ साली आढळले की, शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात आणलेल्या ७२ रुग्णांपैकी ४२ टक्के त्या पातळीपर्यंत आलेले नव्हते. आज ०.९ ही किमान मर्यादा धरली जाते. पॅरिसचे डबेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली मध्यम काळ टिकणाऱ्या औषधांची एकच मात्रा दिलेले ५२६ रुग्ण तपासले. परिणाम उलटविणारे औषध कोणालाच दिलेले नव्हते. त्यांतील ४५ टक्के रुग्ण ०.९ च्या खाली होते. मात्रा देऊन दोन तास किंवा अधिक वेळ लोटलेल्यांतही हे प्रमाण ३७ टक्के होते. ‘आता इतका वेळ झाला, औषध उतरलेच असेल’ हा युक्तिवाद यापुढे करता येत नाही.

‘डोके पाच सेकंद उचलून धरा’, ‘माझा हात दाबा’ अशा जुन्या कसोट्या भूलतज्ज्ञ अजूनही घेतात. त्या घ्यायला हरकत नाही. परंतु राखीव शक्तीविषयी वर जे सांगितले ते लक्षात घेता, त्या उत्तीर्ण होणे म्हणजे पूर्ण सुधारणा नव्हे. चार धक्के देऊन अंगठ्याची हालचाल केवळ बोटांनी चाचपणेही पुरेसे नाही, प्रमाण ०.४ च्या वर गेले की पहिल्या व चौथ्या हालचालीतील फरक हाताला कळेनासा होतो. ०.४ आणि ०.९ यांमधील रुग्ण अशा तपासणीत निर्दोष ठरतो, आणि धोका तर नेमका त्यालाच असतो. म्हणूनच २०२३ साली अमेरिका आणि युरोप येथील भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी, प्रमाण आकड्यात दाखविणारे यंत्र वापरावे आणि ०.९ गाठल्याखेरीज नळी काढू नये, असा सल्ला दिला. आपल्याकडील अनेक लहान रुग्णालयांत असे यंत्र नसते. तेथे भूलतज्ज्ञाच्या हाती उरतात ते जुनेच मार्ग : मात्रा जरुरीपुरती देणे, शेवटची मात्रा कधी दिली याची नोंद ठेवणे, परिणाम उलटविणारे औषध न चुकता देणे, आणि घाई न करणे. शस्त्रक्रियागृहात पुढचा रुग्ण थांबलेला असताना यांतील शेवटचे सर्वांत अवघड असते.

उलटविण्याचे सर्वांत जुने आणि आजही आपल्या देशात सर्वत्र वापरले जाणारे औषध म्हणजे निओस्टिग्मीन. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते. त्यामुळे सांध्यावर ॲसिटिलकोलीन साठते आणि ग्राहकांवरील औषधाला रेटून बाजूला करते. हृदयाची गती मंदावणे, लाळ सुटणे हे त्याचे अनिष्ट परिणाम टाळण्यासाठी सोबत ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. परंतु त्याच्या शक्तीला मर्यादा आहे. साठू शकणारे ॲसिटिलकोलीन अमर्याद नसते. म्हणून शैथिल्य खोल असताना कितीही निओस्टिग्मीन दिले तरी ते उलटत नाही. चारही हालचाली दिसू लागल्यावर दिले, तरीही पूर्ण परिणामास दहा मिनिटे किंवा अधिक वेळ लागतो. त्याच्याहून अगदी वेगळ्या तत्त्वावरचे सुगॅमाडेक्स युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ साली मान्य झाले. त्याचा रेणू पोकळ कड्यासारखा असतो. तो रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमचा रेणू आपल्या पोटात ओढून घेतो आणि निकामी करतो. खोल शैथिल्यही त्याने काही मिनिटांत उलटते. ॲट्राक्युरियमवर मात्र त्याचा काही परिणाम नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव त्याने कमी होऊ शकतो, म्हणून ते दिलेल्या स्त्रीला सात दिवस दुसरा उपाय योजण्यास सांगावे लागते. आता कोणते औषध कोणाला, हे त्या त्या रुग्णावर ठरते. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णाला ॲट्राक्युरियम सोयीचे, कारण ते रक्तात शरीराच्या सामान्य तापमानाला आपोआप मोडते.

या सर्वांपासून वेगळे, आपल्याकडे ‘स्कोलीन’ या नावाने ओळखले जाणारे सक्सामेथोनियम आहे. त्याचा इतिहास गमतीचा आहे. १९०६ साली हंट आणि टाव्हो यांनी या द्रव्याचा रक्तदाबावरील परिणाम तपासला. परंतु त्यांनी वापरलेले प्राणी आधीच कुरारेने लुळे केलेले होते, त्यामुळे त्याचा स्नायूंवरचा परिणाम त्यांच्या नजरेस आलाच नाही. तो कळायला आणखी चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली आणि १९५१ पासून ते भूलशास्त्रात आले. ते मिनिटभरात परिणाम करते आणि थोड्या मिनिटांत उतरते, कारण रक्तातील एक विकर त्याचे झपाट्याने विघटन करते. पोट भरलेल्या किंवा अपघातग्रस्त रुग्णाच्या श्वासनळीत त्वरेने नळी घालायची असताना ते आजही उपयोगी पडते. मोठ्या भाजलेल्या जखमा किंवा जुना पक्षाघात असलेल्या रुग्णात मात्र ते रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढवून हृदय बंद पाडू शकते, म्हणून तेथे ते वर्ज्य आहे.

काही माणसांत हे विकर जन्मतः सदोष असते. त्यांना स्कोलीन दिले तर थोड्या मिनिटांऐवजी कित्येक तास श्वास येत नाही. दक्षिण भारतातील वैश्य समाजात हा दोष इतरांहून बराच अधिक आढळतो हे तेथील भूलतज्ज्ञांना फार दिवसांपासून ठाऊक होते; त्यामागील जनुकीय बदल २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आला. अशा रुग्णाला औषधापासून प्रत्यक्ष इजा काहीच होत नाही. कृत्रिम श्वसन चालू ठेवायचे आणि स्नायू परत येईपर्यंत वाट पाहायची, एवढेच करायचे असते. पण तोवर त्याला झोपवूनही ठेवायचे असते. शस्त्रक्रिया संपली म्हणून भूल बंद केली आणि स्नायू लुळेच राहिले, तर तो रुग्ण स्कॉट स्मिथच्या अवस्थेत सापडतो. फरक इतकाच की, स्मिथने ती स्वतः मागून घेतली होती आणि ती संपणार आहे हे त्याला ठाऊक होते.

एक धोका शरीरक्रियेशी मुळीच संबंधित नाही, तो कपाटाशी आहे. या औषधांच्या कुप्या इतर औषधांच्या कुप्यांसारख्याच लहान आणि पारदर्शक द्रवाच्या किंवा पांढऱ्या भुकटीच्या असतात. स्कोलीन, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात, म्हणून शीतकपाटात लशी आणि इतर औषधांच्या शेजारी त्यांची जागा येते. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका रुग्णालयात तपासणीपूर्वी मन शांत करण्यासाठी लिहून दिलेल्या मिडाझोलामऐवजी व्हेक्युरोनियम टोचले गेले. औषधे देणाऱ्या यंत्रावर नावाची पहिली दोन अक्षरे दाबली असता दुसरेच औषध पुढे आले होते. रुग्णाचा श्वास थांबला तेव्हा शेजारी कोणी नव्हते. अशा चुका टाळण्यासाठी भूलतज्ज्ञांच्या पिचकाऱ्यांवर लावण्याच्या चिठ्ठ्यांचे रंग आंतरराष्ट्रीय संकेताने ठरविलेले आहेत : शैथिल्यकारी औषधांना झळाळता लाल, आणि त्यांना उलटविणाऱ्या औषधांना तोच लाल, पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांसह. ज्या खोलीत कृत्रिम श्वास देण्याची साधने आणि ती वापरणारा माणूस नाही, त्या खोलीतील कपाटात या कुप्या असण्याचे कारणच नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन जे प्रश्न विचारतो, त्यांतील एक पुष्कळांना विचित्र वाटतो : घरात कोणाला भुलीनंतर कधी काही झाले होते काय? १९६० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पाय मोडलेला एकवीस वर्षांचा तरुण रुग्णालयात आला, तेव्हा त्याला पायापेक्षा भुलीची अधिक धास्ती होती. त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीत दगावले होते. त्याला दुसरा भूलवायू देण्यात आला. तरीही त्याचे तापमान भराभर वाढू लागले, आणि त्वरित उपाय केल्यामुळेच तो वाचला. त्याची कुटुंबकथा तपासल्यावर एक आनुवंशिक विकार प्रथमच प्रकाशात आला. काही भूलवायूंप्रमाणे स्कोलीननेही तो उद्भवतो. हा विकार असो की वर सांगितलेला विकराचा दोष असो, दोन्हींची माहिती बहुधा रुग्णाच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाच असते : कोण्या काकांना शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्रावर ठेवावे लागले होते, एवढीच ती आठवण असते. ती भूलतज्ज्ञाच्या कानावर घातली म्हणजे तो स्कोलीन बाजूला ठेवून दुसरे औषध निवडतो, आणि दोष तपासण्यात सिद्ध झाला तर रुग्णाला आणि त्याच्या भावंडांना तसे लिहिलेले कार्ड जवळ बाळगण्यास देतो.